बसभाड्याची सवलत व आपल्या मुली



ज्युबिलीच्या समारंभात बसच्या तिकिटावर बोलणारा मास्तर कोणास विचित्र वाटेल. पण शिक्षणास मदत हा आपल्या ट्रस्टचा हेतू, आणि शिक्षणाची वाट आमच्या शहापुरात तरी बसथांब्यावरून जाते.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू आहे. राज्यातील रहिवासी स्त्रियांस साध्या सरकारी बसमधून राज्याच्या हद्दीत भाडे पडत नाही. पूर्वी दहावीनंतर “रोजचे भाडे कोण देणार?” हा एकच प्रश्न मुलीला घरी बसवीत असे. मागावरच्या माणसाला दोन मुलींचे भाडे म्हणजे थोडी रक्कम नव्हे. ते कारण आता उरले नाही. (दुसरी कारणे काढणारे आहेतच, त्यांच्याशी आम्ही वेगळे बोलू!)

कित्येक भगिनी शून्य रकमेचे तिकीट घेण्यास संकोचतात, किंवा कशाला हवे म्हणून टाळतात. तसे करू नये. त्या तिकिटांच्या हिशेबानेच सरकार महामंडळास पैसे भरून देते. तिकीट न घेतले तर आपला प्रवास हिशेबात येत नाही, आणि हिशेबात नसलेल्या प्रवाशांसाठी जादा गाडी कोण सोडील?

खरी अडचण आहे ती आपल्या सीमाभागाची. कोल्हापूर, मिरजेकडून सून म्हणून आलेल्या मुलीच्या ओळखपत्रावर माहेरचाच पत्ता असतो. संसार शहापुरात, पण कंडक्टरच्या लेखी ती परराज्यातली. तिला पूर्ण भाडे. महाराष्ट्रातही १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस निम्मे तिकीट आहे, परंतु तेही त्या राज्याच्या हद्दीपुरते. माहेरी निघालेली बाई निपाणीपर्यंत एका कायद्याने जाते व पुढे दुसऱ्या! म्हणून आमची सूचना अशी की, ट्रस्टच्या कचेरीत आठवड्यातून एक दिवस पत्ताबदलाचे अर्ज भरून द्यावेत. लिहिण्याचे काम आम्ही शिक्षक करू.

आणि मुलांचे काय? त्यांस सवलतीचा पास मिळतो, पण त्याचे पैसे लागतात. ५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकात बसभाडे शेकडा १५ वाढले. बहीण कॉलेजात जाते आणि भाऊ पासावाचून कामाला लागतो, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. गरजू मुलांच्या पासाची रक्कम ट्रस्टने या जूनपासूनच भरावी, अशी विश्वस्तांस आमची विनंती आहे. नावांची यादी आम्ही सोबत आणली आहे.