माझे पाय आणि मुंबईचं यंत्र

(पिंगळी, जि. परभणी येथे महिलांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, मी बसूनच बोलणार आहे. पाय आज बरे आहेत, पण उभं राहण्यात जाणारी ताकद बोलण्यात लावते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. थोडक्यात एम.एस. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीचं प्लॅस्टिक उंदरानं कुरतडलं की मोटार चालता चालता बंद पडते ना, तसं हे. मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण इथं आपल्याच शरीरातली रोगाशी लढणारी फौज कुरतडते. बहुतेकांना हा आजार विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो. म्हणजे नेमकं लग्न, बाळंतपणं, शेत सगळं अंगावर असताना.

मला आधी एका डोळ्यानं अंधुक दिसू लागलं. ते आपोआप बरं झालं. मग हातातून कळशी निसटायला लागली. कुणी अशक्तपणा म्हणालं, कुणी कामाचा कंटाळा. एका बाईंनी अंगारा दिला. एमआरआय होईपर्यंत चार वर्षं गेली.

पुढं मुंबईला भाचीकडे राहून सहा आठवडे व्यायाम घेतला. तिथं चालवणारं यंत्र होतं, रोबो. वरून पट्ट्यांनी आपल्याला टांगतात, खाली सरकता पट्टा, पायांना बाहेरून सांगाडा, खुब्याला आणि गुडघ्याला मोटारी. यंत्रच पाऊल उचलतं आणि पुढं टाकतं. समोर पडद्यावर बागेतली वाट. दुसऱ्या खोलीत डोळ्यांवर चष्म्यासारखा डबा चढवला की आपण झाडाखाली. फळं तोडायची, टोपलीत टाकायची. पहिल्या दिवशी मळमळलं, पण हसूही आलं. जन्मभर कापूस वेचला, अशी बसल्या जागी वेचणी पहिल्यांदाच केली.

खरं सांगते, ते यंत्र मला आवडलं. ते थकत नव्हतं. 'आता रोज रोज काय' असं म्हणत नव्हतं.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनीच मला इटलीतला एक अभ्यास सांगितला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. एम.एस.मुळं चालणं फार अवघड झालेले ७२ रुग्ण. काहींना यंत्रानं चालवलं, बाकीच्यांना प्रशिक्षित माणसानं जमिनीवरच, तितक्याच कसून. यंत्र वरचढ ठरलं नाही. चष्म्याच्या खेळांचंही तसंच. काहीच न करण्यापेक्षा त्यांनी तोल सुधारतो, पण नीट घेतलेला व्यायाम त्यांच्या फार मागं नसतो. मग मुंबईत मला काय मिळालं होतं? ठरलेले वार, शिकलेलं माणूस, आणि एक तास, ज्यात मला भाकरीसाठी कुणी हाक मारत नव्हतं.

पिंगळीला परतले आणि तो तास गेला. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं, "स्वयंपाकाला उभी राहील ना?" त्यांची अडचण मला कळते. पण तुला काय हवंय, हे मला कुणी विचारलं नाही. मला स्टेशनपर्यंत चालत जायचं होतं.

परभणीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. अंग तापलं की कुरतडलेल्या नसा आणखी दगा देतात. ऊटहोफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८९० सालीच नोंदवलंय. अंग गार झालं की बहुधा पूर्ववत होतं. म्हणून माझा व्यायाम पहाटेच, मानेवर ओला टॉवेल टाकून. पण पहाट म्हणजे पाण्याची, चुलीची, डब्यांची वेळ. बाईनं त्या वेळी पाय हलवत बसायचं?

अमेरिकेत कर्करोग, मेंदूतली गाठ आणि एम.एस. असलेल्या ५१५ रुग्णांचे संसार पाहिले गेले. तो अभ्यास २००९ चा. आजारी बाई असेल तर २०.८ टक्के जोडपी विभक्त झाली, आजारी पुरुष असेल तर २.९ टक्के. माझ्या नवऱ्यानं मला सोडलं नाही. त्याबद्दल गाव त्यांना देवमाणूस म्हणतं. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा दोन वर्षं मी त्यांचं सगळं केलं. मला कुणी देवमाणूस म्हटलं नव्हतं.

आता कायद्याचं. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात हा आजार नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एम.एस. नावानिशी आहे. हे आपोआप झालं नाही. रेहमत फझलभॉय यांनी स्वतःला हा आजार असताना १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तिथपासूनचे कष्ट आहेत त्यामागं. तरी मी दाखल्यासाठी गेले त्या दिवशी पाय नेमके बरे होते. "चालता की तुम्ही!" म्हणाले आणि परत पाठवलं. हा आजार येतो-जातो, म्हणून जाताना वाईट दिवसांचे कागद घेऊन जा, एकटीनं जाऊ नका.

आपण रोबो मागायचा का? जिल्ह्याच्या ठिकाणी जरूर मागू. त्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट मागू. अर्जाचा मसुदा मी आणलाय, सह्या करूनच उठा.

आणि एक. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे धाकट्या जाऊबाई माझ्याबरोबर चालतात. सध्या मी पिंपळापर्यंत जाते, तिथून स्टेशन दिसतं. परवा त्यांना ताप होता, तेव्हा राहिलं. आणखी दोघी-तिघींनी नावं दिली तर वार वाटून घेता येतील.