देडतलाईचा गाळा



बुऱ्हाणपूरहून धारणीकडे निघालं, की महाराष्ट्राच्या हद्दीआधी देडतलाई लागतं. नोकरीचे पहिले पैसे हातात आले की इकडच्या मुलामुलींना हल्ली एक गोष्ट हमखास सुचते: रस्त्याला लागून जागा घ्यावी, दोन गाळे काढावेत, भाडं येत राहील. विचार चांगला आहे. पण गाळा बांधण्याआधी खालची जमीन कोणाची, ते बघावं लागतं.

देडतलाई ज्या खकनार विकासखंडात आहे, तो अनुसूचित क्षेत्रात येतो. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेतल्या कलम १६५ प्रमाणे अशा भागात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. मग कोणीतरी शहाणा सांगतो, "आदिवासी गड्याच्या नावावर घे ना!" हा झाला बेनामी व्यवहार. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आहे, जागा सरकारजमा होते ती वेगळीच. कायदा घडीभर बाजूला ठेवा. ज्या कोरकू आदिवासी माणसाच्या अंगठ्यावर तुम्ही भाडं खाणार, त्याला काय मिळणार? मी तरी याला लबाडीच म्हणेन. कोरकू तरुणांनी मात्र हा कायदा आपल्या बाजूचा आहे हे ओळखावं. रस्त्याकाठची वडिलांची जमीन विकण्याची घाई करू नये, गाळा स्वतःच काढावा.

बाकीच्यांनी आधी घरची आबादीतली जागा बघावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मालकीचे कागद मिळू लागले. त्या कागदावर बँकेशी बोलता येतं. पण बोलण्याआधी आकडे मांडा. समजा, गाळ्याला चार लाख लागले आणि भाडं महिन्याला दोन हजार आलं. वर्षाचे चोवीस हजार, म्हणजे सहा टक्के. कर्ज दहा टक्क्यांनी काढलं असेल तर वर्षाला चाळीस हजार नुसतं व्याज. वरचे सोळा हजार कुठून आणणार? म्हणून सुरुवातीला एकच गाळा, आणि तोही शक्यतो साठवलेल्या पैशातून.

शिवाय बारा महिने भाडं येईल असं धरू नका. इथला मजूर कामासाठी बाहेर जातो, होळीला घरी परततो. दुकानदाराचा गल्ला त्याच्याबरोबर भरतो आणि रिकामा होतो. दोन महिने कोरडे जाणार, हे हिशेबात घ्या.

भाडेकरू ओळखीचा असला तरी करार लेखी हवा. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक अकरा महिन्यांचा करतात. अनामत किती, लाईटबिल कोणी भरायचं, हेही त्यातच लिहून घ्या.

आणि धारणीकडच्या मंडळींनो, इथे सातबारा मागू नका, मिळणार नाही. खसरा आणि नकाशा काढा, जमीन शेतीची असेल तर डायव्हर्शन, म्हणजे बिनशेती, झालंय का ते खकनारच्या तहसिलीत विचारा. बयाणा त्यानंतरच द्या.