भरती, पाऊस आणि महापालिका

शहराला पाणी आणून देणें हें नगरपालिकेचें काम सर्वांच्या डोळ्यांपुढें असतें. शहरांतल्या पाण्याला बाहेर वाट करून देणें हें तितकेंच मोठें काम मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नळ एक दिवस कोरडा राहिला तर त्याच सकाळीं तक्रार जाते. नाला बुजला तर ती तक्रार पावसाळा येईपर्यंत होत नाहीं, आणि तोंवर बुजविणाराचा पत्ताहि लागत नाहीं. समुद्रकांठच्या शहरांपुढें तर हा प्रश्न दुहेरी आहे. कारण त्यांच्यावर वरून पाऊस येतो आणि खालून भरती येते. या कात्रींत सांपडलेल्या मुंबईच्या महापालिकेनें आजवर काय केलें, हें पाहिलें असतां किनाऱ्यावरील कोणत्याहि नगरपालिकेस उपयोगी पडेल असा धडा मिळतो.

मुंबई मूळची सात बेटांची. बेटांमधल्या सखल भागांत भरतीचें पाणी शिरत असे व ओहोटीबरोबर मागें चिखल ठेवून जात असे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधलें मोठें खिंडार अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड या बांधानें बंद झालें, आणि पुढें कित्येक वर्षें खाड्या बुजविण्याचें काम चालू राहिलें. पायधुणी, उमरखाडी हीं नांवें त्या नाहींशा झालेल्या पाण्याचींच आहेत. परंतु भराव घातल्यानें जमीन कोरडी होते. ती पुरेशी उंच होतेच असें नाहीं. परळ-दादरकडील हिंदमातेसारखा भाग आजहि बशीच्या तळासारखा आहे. चहूंकडचें पाणी तेथें उतरतें आणि तेथून सहज निघत नाहीं.

आतां पर्जन्यजलवाहिन्यांची रचना पाहावी. जुन्या मुंबईंतल्या वाहिन्या तासाला सुमारें एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेतानें बांधलेल्या होत्या. आणि तोहि समुद्रास ओहोटी असेल तर. या ‘तर’मध्यें सर्व अडचण सांठलेली आहे. पाणी उतारानें वाहतें, आणि वाहिनीचें तोंड समुद्राहून उंच असेल तरच उतार राहतो. या शहराच्या वाहिन्यांचीं समुद्रांत व खाड्यांत उघडणारीं मुखें सुमारें १८६ आहेत; मोठ्या भरतीच्या पातळीहून उंच अशीं त्यांत अगदीं थोडीं. भरती चढली कीं उरलेल्यांचा उतार संपतो. मुखास दार असेल तर तें लावून घ्यावें लागतें, म्हणजे शहराचें पाणी आंत कोंडतें. दार नसेल तर समुद्रच आंत येतो. पावसाळ्यांत कित्येक दिवशीं भरती साडेचार मीटरांहून अधिक चढते. त्याच घटकेस मुसळधार पाऊस लागला तर रस्त्यावरच्या पाण्याला ओहोटीची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसतें.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें सदतीस इंच पाऊस पडला. त्याच अवधींत कुलाब्यास तीन इंचांच्या आसपास पडला. विहार व पवई तलावांकडून येऊन माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी पुष्कळांना केवळ गटार वाटत होती. त्या दिवशीं ती पुन्हां नदी झाली. विमानतळापाशीं तिला कृत्रिम वळणें दिलेलीं, कांठच्या दलदलीवर इमारती उठलेल्या, पात्रालगत झोपड्या आणि कारखाने. पाण्याला पसरण्यास मोकळी जागा उरली नव्हती, म्हणून तें घरांत पसरलें. मुंबईंत चारशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. खेदाची गोष्ट ही कीं, वाहिन्यांची शक्ति दुप्पट करून तासाला ५० मिलिमीटरांवर नेण्याची व भरतीच्या वेळीं पाणी उपसून टाकण्याची योजना तज्ज्ञांनीं १९९३ सालींच आंखून दिलेली होती. बारा वर्षें ती बहुतांशीं कागदावरच राहिली.

त्यानंतर मात्र कामास वेग आला. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीनें अनर्थाचीं कारणें तपासलीं. २००७ सालीं केंद्र सरकारनें जुन्या योजनेस पैसा देण्याचें मान्य केलें. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशा सहा ठिकाणीं उदंचन केंद्रें, म्हणजे मोठीं पंपघरें उभीं राहिलीं. भरतीच्या वेळीं तेथील दारें बंद करतात आणि आंतलें पाणी पंपांनीं उचलून समुद्रांत टाकतात. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकें बसविण्यांत आलीं. २०२० सालीं कोणत्या भागांत पाणी चढेल याची पूर्वसूचना देणारी व्यवस्थाहि सुरू झाली. हिंदमातेच्या पाण्यासाठीं दादर व परळ येथील मैदानांखालीं मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. ओहोटी येईपर्यंत पाणी त्यांत थांबतें. हीं कामें लहान नव्हेत, आणि पूर्वीं दिवसभर सांचणारें पाणी ज्या ठिकाणीं आतां लौकर ओसरतें तेथील रहिवाशांस त्यांचें मोल ठाऊक आहे.

परंतु ज्या समुद्राच्या पातळीवर हा सारा हिशेब उभा आहे, ती पातळीच स्थिर नाहीं. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरांनीं वाढली. १९७१ पर्यंत ही वाढ वर्षाला १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ या काळांत ती ३.७ मिलिमीटर झाली. आंकडा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण सखल मुखांस एकेका बोटाची वाढहि भारी पडते: दार थोडें आधीं लावावें लागतें, थोडें उशिरां उघडतां येतें, आणि पंपांचे तास वाढतात. शिवाय पंप म्हटला कीं वीज आली, देखरेख आली, वेळेवर चालू करणारा माणूस आला. २६ मे २०२५ रोजीं पावसाळा नेहमींच्या तारखेच्या पंधरवडाभर आधीं मुंबईंत दाखल झाला, तेव्हां कांहीं सखल भागांतले पंप तयारच नव्हते, आणि वरळीच्या भुयारी रेल्वेस्थानकांत पाणी शिरलें. पावसानें पंचांग पाहिलें नाहीं. कंत्राटांनीं मात्र पाहिलें होतें.

म्हणून यंत्राच्या जोडीला दुसरा उपाय लागतो: पाण्यासाठीं जागा राखून ठेवणें. कोपनहेगन शहर २ जुलै २०११ रोजीं ढगफुटीसारख्या पावसानें जलमय झालें. तेथील नगरपालिकेनें दुसऱ्याच वर्षीं ठरविलें कीं, केवळ मोठे नळ पुरून भागणार नाहीं. कांहीं रस्त्यांनीं पाणी बंदराकडे वाहूं द्यावें, आणि कांहीं बागांनीं तें तासभर पोटांत घ्यावें. हिशेबानें हा मार्ग स्वस्तहि ठरला. मुंबईजवळ अशी जागा निसर्गानेंच दिलेली होती: खाड्यांच्या कांठचीं तिवरांचीं वनें आणि मिठागरें. २००५ सालीं उच्च न्यायालयानें तिवरें तोडण्यास मनाई केली. मिठागरांचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०२४ सालीं अडीचशें एकरांहून अधिक मिठागरांची जमीन घरांसाठीं देण्याचें ठरलें. गरिबांना घर हवें, यांत शंका नाहीं. परंतु त्याच जमिनीनें धरलेलें पाणी उद्यां कोठें जाईल, आणि ज्यांस तेथें घर मिळेल त्यांच्याच उंबऱ्यावर तें येणार नाहीं ना, याचें उत्तर पाया खणण्यापूर्वीं मिळालें पाहिजे.

येथें महापालिकेचे हात बांधलेले आहेत हेंहि खरें. शहराची जमीन तिच्या एकटीची नाहीं. राज्य सरकार, केंद्र सरकार, रेल्वे, बंदर, विमानतळ असे अनेक मालक आहेत, आणि पाणी तर कोणाचीच हद्द मानीत नाहीं. तरी २०२२ सालीं हवामानबदलाचा आराखडा तयार करून, आणि २०२४ पासून अंदाजपत्रकांत त्या कामाचा खर्च वेगळा दाखवून, महापालिकेनें जबाबदारी स्वीकारली आहे. आराखड्याचा कस आतां बांधकामाच्या परवानग्यांत लागेल. पंपघराचें उद्घाटन होतें, त्यास कोनशिला बसते. सखल जागेवरच्या बांधकामास नकार दिला तर त्याची कोनशिला कोठेंच बसत नाहीं.

सुशिक्षित नागरिकाचें काम येथेंच आहे. रस्त्यावर गुडघाभर पाणी आलें म्हणजे नगरसेवकास दोष देणें सोपें. त्याऐवजीं कोरड्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारींत, तीन प्रश्न विचारावेत: आपल्या विभागांतलें पाणी कोणत्या मुखानें बाहेर जातें? भरतीच्या वेळीं त्या मुखाचें काय होतें? आणि त्या वाटेवरची कोणती मोकळी जागा बांधकामासाठीं मागितली गेली आहे? हे प्रश्न जेथें दरवर्षीं विचारले जातील तेथें नकार देणाऱ्या अधिकाऱ्यास पाठबळ मिळेल. आणि पावसाळ्यांतल्या एखाद्या रात्रीं, भरतीचे चार तास, खालच्या मजल्यावरच्या कुटुंबांना आपलीं मुलें खाटेवर उचलून बसण्याची वेळ येणार नाहीं.