हात पुढे जातो, वस्तू हाती लागत नाही



हल्ली मुलं मोबाइलचा कॅमेरा लावतात आणि आपल्याच अंगणात वाघ उभा दिसतो. कुणाला ओटीवर नवं कपाट ठेवलेलं दिसतं. जागा खरी, वस्तू मोबाइलने घातलेली. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मुलं वाघाला हात लावायला जातात आणि हात भलतीकडेच फिरतो. असं का होतं, ते आज आपण बघूया.

आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू जराशी वेगळी दिसते. त्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, लगेच समजेल. आणखीही खुणा असतात. जवळची वस्तू मागचीला झाकते, सावली जमिनीला टेकते, लांबचं लहान दिसतं.

मोबाइलच्या सपाट काचेवर मात्र दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं. त्यात वाघाला सावली नसली, किंवा आपला हात पुढे असूनही वाघच हातावर दिसला, तर अंदाज चुकतो. डोळ्यांवर लावायच्या खास चष्म्यात दोन डोळ्यांना दोन चित्रं मिळतात. तरी तिथेही नजर ठरावीक अंतरावरच स्थिर करावी लागते, वस्तू जवळ दिसो की लांब.

आपल्या मालवणात असाच चकवा पाणी देतं. स्नॉर्केलिंगचा मास्क लावून बघितलं, की 4 फुटांवरचा मासा 3 फुटांवर वाटतो, आणि मोठाही दिसतो. पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना प्रकाश वाकतो, म्हणून. पुन्हा पुन्हा हात घालून बघितलं की हाताला हळूहळू सवय होते.

पण काठावर उभं राहून ही सवय होत नाही. स्वच्छ पाणी वरून 4 फूट असलं तर 3 फूटच वाटतं. तिरकं बघितलं तर आणखी उथळ. मोबाइलमधल्या वाघाकडे हात चुकला तर हसू येतं; इथे पाऊल चुकलं तर जीव जातो.

म्हणून निवास-न्याहारी चालवणाऱ्या मैत्रिणींनो, पाहुण्यांना आधीच सांगा: तळ दिसतो म्हणून पाण्यात उतरू नका, खोली स्थानिक माणसाला विचारा. विहिरीजवळ, तळीवर किंवा जेटीवर मुलांना कॅमेऱ्याचे असले खेळ खेळू देऊ नका. आणि घरातलं मोठं माणूस कप ठेवताना किंवा पायरी उतरताना चुकत असेल, तर दोन्ही डोळे तपासून घ्या. एकाच डोळ्यातला मोतीबिंदूसुद्धा अंतराचा अंदाज बिघडवतो.

येत्या बैठकीत सुई-दोऱ्याचा प्रयोग सगळ्यांनी करून बघा.