उन्हाळ्यातली लोकर

उन्हाळा आला की मराठी घरात कुरडया, पापड, सांडगे आणि लोणची यांची धांदल उडते. गच्चीवर जुनी धोतरे अंथरली जातात आणि कावळे हाकलायला मुलांच्या हाती काठी दिली जाते. दिल्लीत करोल बागेतल्या आमच्या गच्चीवरही हे सारे होते. पण कुरडयांच्या शेजारी एका दोरीवर लोकरीच्या लडीही वाळत असतात. पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना लोकर धुणाऱ्या बाईकडे शेजारीपाजारी काहीशा करुणेने पाहतात. मी त्यांना दोष देत नाही. विणकाम हा माझा व्यवसाय आहे, आणि या व्यवसायाचे पंचांग इतरांच्या पंचांगापुढे सहा महिने चालते. दिल्लीची खरी थंडी दोन महिन्यांची. ती दाराशी आल्यावर जी बाई सुया हाती घेईल, तिचा स्वेटर होळीला पुरा व्हायचा. पौषातली ऊब ज्येष्ठातच विणून ठेवावी लागते.

लोकरीशी माझे नाते लहानपणापासूनचे. माझे माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातले. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून त्या मुलुखात मेंढीला मान. दिवाळीनंतर धनगर आपले कळप घेऊन कोकणाकडे उतरत आणि पावसाळ्याच्या सुमारास परतत. मेंढ्यांची लोकर कातरली जाई, आणि सनगर मंडळी खड्ड्याच्या मागावर तिची घोंगडी विणत. सुताला चिंचोक्याची खळ देत. त्या खळीचा आणि काळ्या लोकरीचा मिळून जो वास येई, तो अजून माझ्या नाकात आहे. ही दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. अंगाला टोचते, पण पावसात पाणी आत येऊ देत नाही. स्वेटरला लागणारी मऊ लोकर आपल्या देशात थोडी. ती बहुतांशी ऑस्ट्रेलियातून येते आणि लुधियान्यासारख्या ठिकाणी तिचे सूत होते. तेव्हा मी दिल्लीत जे विणते ते माणदेशी मेंढीचे नव्हे. पण हाताला वळण लागले ते तिथलेच.

सासर आटपाडीकडचे. सांगली जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी भागातून कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. आमचे हे त्यांतलेच. करोल बागेत सराफीचा व्यापार मोठा, म्हणून आम्ही येथे आलो. पुढे कळले की, येथे आलेला जवळजवळ प्रत्येकजण कुठून तरी उठूनच आलेला आहे. नवी दिल्ली बांधताना, आज जिथे कॅनॉट प्लेस आहे तिथली माधोगंज, जयसिंगपुरा ही गावे उठली आणि तिथले लोक १९२० नंतरच्या काळात या बाजूला आले. १९४७ साली फाळणी झाली आणि पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी करोल बाग भरून गेली. अजमल खान रस्त्यावरची ही मोठी बाजारपेठ उभी राहिली, तीत त्या माणसांच्या कष्टांचा वाटा फार मोठा आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बीजी त्यांच्यापैकी. पश्चिम पंजाबातून आल्या तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. आज शहाऐंशीच्या आहेत. माझी विणकामाची दुसरी शाळा म्हणजे त्यांची खोली. मी ज्याला सुई म्हणते त्याला त्या सलाई म्हणतात; माझा टाका, त्यांचा फंदा; माझे सुलट-उलट, त्यांचे सीधा-उलटा. पंजाबात बायका एकत्र बसून चरखे चालवीत, गाणी म्हणत. त्या बैठकीला त्रिंजण म्हणतात. बीजींच्या आईने निर्वासितांच्या तंबूतही असे त्रिंजण बसवले होते, असे त्या सांगतात. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९४८ साली इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन काढली, तीही अशाच उठून आलेल्या माणसांच्या हातांना काम मिळावे म्हणून. घर गेले, शेत गेले, तरी बोटांतली विद्या सीमेवर कोणाला हिसकावून घेता आली नाही.

आता २०२५ च्या उन्हाळ्याकडे वळते. गुढीपाडव्यापासूनच लग्नांची कामे आली. दिल्लीतल्या मराठी घरांत अजूनही रुखवत मांडतात, आणि त्यात क्रोशाचे रुमाल, तोरण, झाकण्या असाव्यात अशी हौस असते. साखळी, खांब, मुका खांब घालता घालता माझा चैत्र संपला. वैशाखात अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला आली. त्या दिवशी एक रुखवत पोहोचते केले आणि समाधानाने झोपले. सकाळी बातमी आली की, रात्री दिल्ली हाटात आग लागून कित्येक गाळे मालासकट जळाले. १९९४ साली सुरू झालेला हा बाजार आम्हां कारागिरांना परका नाही. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात, पाळीपाळीने गाळे मिळवतात आणि वर्षभराचे काम तिथे मांडतात. जीवितहानी झाली नाही, ही देवाची कृपा. जळालेल्या कापडाची किंमत निघू शकते. त्यात गेलेल्या दिवसांची कशी काढावी, हा विचार मात्र त्या सकाळपासून माझ्या मनातून गेला नाही.

मे महिन्यात दिल्लीत अवेळी वादळी पाऊस झाला. उघड्यावर वाळत घातलेली लोकर तीन वेळा धावत जाऊन आत आणावी लागली. दमट हवेत लोकरीला कसर लागण्याचे भय, म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ती गाठोड्यात बांधली. जून उगवला तो भाजून काढीत. दिवसा तळव्यांना घाम सुटतो आणि सुई टाक्यात अडते. म्हणून मी रात्री दहानंतर आणि पहाटे विणत असे.

सोमवारी करोल बागेतली दुकाने बंद असतात, आणि त्यांच्यापुढे आठवड्याचा बाजार भरतो. दोरे व लेस विकणाऱ्या एका बाईशेजारी दोन टोपल्या मांडून मीही बसते. टोपल्यांत उन्हाळ्याचा माल, म्हणजे सुती दोऱ्याच्या पिशव्या आणि तोरणे. आणि हिवाळ्याच्या मागण्या मिळाव्यात म्हणून नमुन्याचा एक स्वेटर. जूनच्या एका सोमवारी एका गिऱ्हाइकाने तोच स्वेटर मागितला. मी एकवीसशे सांगितले. ते आठशेवर अडून बसले, म्हणाले, "यंत्राचा याहून स्वस्त मिळतो, आणि उन्हाळ्यात तुमच्याकडून दुसरे घेणार तरी कोण?" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मुलीच्या महाविद्यालयाची फी त्याच आठवड्यात भरायची होती. मी आठशेला स्वेटर दिला.

घरी येऊन हिशेब मांडला. पाठीला ११० टाके आणि १७० ओळी, म्हणजे १८,७०० टाके. पुढचा भाग तेवढाच. दोन बाह्यांचे मिळून सोळा हजार. एकूण त्रेपन्न हजारांच्या पुढे. मिनिटाला तीस टाके धरले तर तीस तास होतात. लोकर सहाशेची, म्हणजे तीस तासांचे दोनशे रुपये, तासाला सात रुपयेसुद्धा नाहीत. बीजींना हे सांगितले तेव्हा त्या रागावल्या. म्हणाल्या, "पुत्तर, द्यायचे तर फुकट दे, विकायचे तर मोलाने विक. हे मधले काय केलेस?" मला उत्तर सुचले नाही. फीची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

जुलैत बीजींनी मला खाली बोलावले. कॅनडातल्या पणतूसाठी त्यांनी स्वेटर घातला होता. पाठ आणि एक बाही झाली होती, पुढचा भाग निम्म्यावर आला होता. पण बोटांचे सांधे आता सुया पेलू देईनात. "हा पुरा करून दे," म्हणाल्या. प्रत्येक विणणारीचा हात वेगळा असतो. त्यांचा सैल, माझा घट्ट. मी एक नंबर जाड सुई घेतली, बोटावरचा दोरा ढिला सोडला, दोनदा उसवले. तरी त्यांचा शेवटचा टाका जिथे संपतो आणि माझा पहिला जिथे सुरू होतो, तिथे एक बारीक रेष दिसतच राहिली. धुतल्यावर ती पुष्कळशी निवली, पण गेली नाही. मी उसवून पुढचा भाग मुळापासून घालते म्हटले, तर बीजींनी स्वेटर हातातून काढून घेतला. त्यांचे अर्धे काम उसवणे त्यांना मान्य नव्हते.

मग त्यांनी विचारले, "किती तास लागले?" नऊ, मी सांगितले, पण पैशांचे नाव काढू नका. त्यांनी पाकिटातून मोजून साडेचारशे रुपये पुढे ठेवले. मी सांगितलेल्या एकवीसशेतून लोकर वजा करून तासाचा दर त्यांनी मनातल्या मनात काढला होता. मी त्यांचेच वाक्य त्यांना ऐकवले, की द्यायचे तर फुकट द्यावे. त्या म्हणाल्या, "फुकट मी देते आहे, माझ्या पणतूला. तू काम केले आहेस." मी पैसे घेतले. न घेणे म्हणजे माझ्या तासांना मीच किंमत नाही म्हणण्यासारखे झाले असते. तसे मी सोमवारच्या बाजारात एकदा केलेच होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली असते, आणि तिच्यावर किमतीच्या आधी तास लिहिलेले असतात. काही गिऱ्हाइके ती वाचून हसतात, काही वाचून गप्प होतात. घासाघीस थांबलेली नाही. पण ती आता तासांपाशी येऊन अडखळते.

श्रावण गणपतीच्या तोरणांत गेला. २७ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती, आणि आमच्या गलाईवाल्या मंडळींच्या मखरासाठी मला एकवीस हातांचे तोरण द्यायचे होते. आदल्या रात्री शेवटचे फूल बसवले. बीजी जिना चढू शकत नाहीत, म्हणून तोरण खाली नेऊन त्यांच्या पलंगावर पसरले. त्यांनी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपून पाहिले, एका फुलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "येथे एक फंदा सुटला आहे."

खरोखरच सुटला होता. तिथेच बसून मी तो उचलला.