मोबाईलवरचा पाठ वाडीपर्यंत कसा पोचेल?

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारी तालुके, पण प्रत्येकाचे दोन मुलूख आहेत. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचर. येडगाव आणि डिंभे धरणांचे पाणी, टोमॅटो, कांदा, ऊस, द्राक्षे. पश्चिमेला आहुपे, हातवीज, घाटघर. भात, नाचणी, वरई आणि हिरडा. पूर्वेकडील बागायतदार रोगट पानाचा फोटो पाठवून बांधावरच सल्ला मिळवतो. पश्चिमेकडील वाडीत कोणत्या टेपावर रेंज येते, हे लहान पोरही दाखवते. आपल्याच तालुक्यातील खोडदच्या महाकाय दुर्बिणीला दूरच्या आकाशगंगांचे रेडिओसंदेश ऐकू येतात आणि डोंगरातल्या माणसाला घोडेगावचा फोन लागत नाही, ही मोठी गंमतच म्हणायची.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा फरक सर्वांच्या नजरेस आला. 'दीक्षा' ॲपवर धडे होते, पण त्यासाठी चांगला फोन आणि नेट हवे. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. तिला नेट लागत नव्हते. पण टीव्ही आणि वीज तरी हवीच. शाळा पुन्हा भरल्या आणि तो विषय मागे पडला. शेतीचे शिक्षण मात्र तेव्हापासून अधिकाधिक मोबाईलवर जात आहे. प्रशिक्षण, चर्चासत्र, हवामान सल्ला, सारे तेथेच. ज्याच्या हातात फोन नाही, तो आता शेतीच्या वर्गाबाहेर बसला आहे.

भाताचेच उदाहरण घ्या. चारसूत्री पद्धतीत लावणी खुणा केलेल्या दोरीवर होते. दोन चुडांमध्ये आळीपाळीने 15 आणि 25 सें.मी. अंतर ठेवावयाचे, तसेच ओळींमध्येही. मग 15 सें.मी. अंतरावरील चार चुडांचा चौकोन तयार होतो. त्याच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी लावणीच्या दिवशीच 7 ते 10 सें.मी. खोल खोचावयाची. कागदावर हे किचकट वाटते, चित्रफितीत पाच मिनिटांत कळते. पण ती चित्रफीत जाते कोठे? घरातल्या एकुलत्या एका फोनवर, म्हणजे बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात. आवणी करतात बाया. चुडांचे अंतर ज्यांच्या हातात आहे त्यांनी चित्रफीत पाहिलेलीच नसते आणि ज्याने पाहिली तो फक्त बांधावर उभा राहून सूचना देतो. अशाने पद्धत रुजत नाही.

यावर उपाय म्हणून घरोघरी फोन वाटावेत, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो उपाय अपुरा वाटतो, आणि तसे वाटण्यास जुना आधार आहे. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांचे गट ठरल्या वेळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर चर्चा करीत आणि शंका आकाशवाणीला कळवीत. दहा आठवड्यांत असे 20 कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नंतर पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत फरक नगण्य होता. यंत्र तेच, कार्यक्रमही तोच. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि उलट प्रश्न विचारण्याने.

तेव्हा आपण, जे हे मासिक वाचता, त्यांनी आपल्या वाडीत असा गट उभा करावा. एक फोन पुरे. बाजाराला जुन्नर-घोडेगावला जाल तेव्हा रेंजमध्ये चित्रफीत उतरवून घ्यावी, म्हणजे वाडीत नेट लागत नाही. ती दहा मिनिटांपेक्षा मोठी नसावी. छोटा स्पीकर जोडावा, कारण पावसाळ्यात पत्र्याखाली फोनचा आवाज ऐकू येत नाही. पंधरा-वीस माणसे शाळेच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात बसवावीत. बायांसाठी वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. भाकरीच्या वेळी बैठक ठेवून त्या आल्या नाहीत म्हणण्यात अर्थ नाही. फीत मध्येच थांबवून विचारावे: आपल्या खाचरात हे जमेल का? कोठे अडेल? न सुटलेली शंका वहीत लिहावी आणि रेंज मिळताच 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या मोफत क्रमांकावर मराठीत विचारावी, किंवा नारायणगावच्या कृषि विज्ञान केंद्रास कळवावी. मिळालेले उत्तर पुढच्या बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवावे. हा शेवटचा भाग सहसा गाळला जातो, आणि माझ्या मते गट मोडतो तो तेथेच.

पूर्वेकडील बागायतदारांनाही एक विनंती. भात निघाल्यावर डोंगरातील कुटुंबे मजुरीसाठी आपल्याकडे उतरतात. त्यांची शिकणारी मुलेही कधी कधी बरोबर असतात. तेव्हा ती रेंजमध्ये असतात, पण नेटच्या पॅकला पैसे नसतात. आपल्या घरी वायफाय असेल तर संध्याकाळी तासभर ओसरीवर त्या मुलांना बसू द्यावे आणि त्यांचे धडे उतरवून द्यावेत. मोठ्यांसाठी भाताच्या फितीही त्याच वेळी मेमरी कार्डात भरून द्याव्यात. गावी परतताना त्या आपोआप वाडीत पोचतील. यात आपला खर्च काहीच वाढत नाही.

गटाचा पहिला पाठ मे अखेरीस बियाण्याचा घ्यावा. आवणीच्या धांदलीत नवा गट बसत नाही. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यात भाताचे बी ओतून ढवळावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. फीत पाहता पाहता बादलीत हे करून बघता येते. प्रत्येकीने आपल्या घरचे मूठभर बी आणावे आणि कोणाचे किती तरंगले ते तेथेच मोजावे.