पाणी पोटाला लागतं तेव्हा…

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित भाग)



लग्नाच्या पंगतीत जेवलो आणि पोट बिघडलं, असं कुणी सांगितलं तर आपल्याला नवल वाटत नाही. पण ‘नुसतं पाणी प्यायलं तरी पोटात दुखतं’ असं कुणी म्हणालं की ऐकणारा हसतो. पाण्यानं कधी कुणाचं पोट दुखतं का, असं विचारतो. बुलढाणा जिल्ह्यात इतकी वर्षं रुग्ण तपासताना मी मात्र ही तक्रार वारंवार ऐकली आहे. ‘डाक्टरसायब, पानी पेलं का पोटात गुडगुड करते’, ‘घोट घेतला का पोट फुगते’, ‘सकाळी तांब्याभर पानी पेलो का मळमळते’. अशी तक्रार करणारे लोक सोंग करत नसतात. त्यांच्या त्रासाला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा सापडतं. आज त्याबद्दलच बोलू या.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, हे आपण सगळे जाणतो. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. बोलीत, शेतीत फरक आहे, तसाच पाण्यातही आहे. घाटाखाली पूर्णा नदीचं खोरं आहे. पूर्णेनं आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर तिथं आहेत. पाण्याचा निचरा कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे या थरांमध्ये क्षार साचत गेले आणि विहिरी-बोअरचं पाणी खारं झालं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून गेलेला हाच तो खारपाणपट्टा. तिथल्या गृहिणीला पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, चहाला चव येत नाही. मग तेच पाणी पोटात गेल्यावर पोटाला काहीच कळणार नाही, असं कसं होईल?

घाटावरही पाण्याची गंमत आहेच. लोणारच्या सरोवराचं पाणी इतकं क्षारयुक्त आहे की ते पिता येत नाही. पण त्याच विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार वाहते. सरोवराजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीबद्दल तर लोक सांगतात की, तिचं अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारं. दोन पावलांवर पाणी बदलतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता खाऱ्या पाण्यानं पोटात नेमकं काय होतं ते पाहू. पाण्यात वेगवेगळे क्षार असतात. त्यातले मॅग्नेशियम आणि सल्फेट हे आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाहीत. ते आतड्यातच राहतात आणि आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतात. परिणामी पोट गुडगुडतं, कळ येते, शौचाला पातळ होतं. इंग्लंडमध्ये एप्सम नावाचं गाव आहे. १६१८च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या एका डबक्यातलं पाणी तहानलेली गुरंही तोंडात घेईनात, अशी कथा सांगतात. त्या कडू पाण्यातून जे मीठ निघालं ते पुढं जुलाबाचं औषध म्हणून जगभर विकलं गेलं. ते मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. औषध म्हणून जे मुद्दाम घ्यायचं, ते थोडं थोडं रोजच्या पाण्यातून पोटात जात असेल तर पोट तक्रार करणारच.

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे भारतीय मानक ठरलेलं आहे. त्यानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत चालतात. सल्फेटची मर्यादा २०० आणि नाइलाज असेल तर ४००. मॅग्नेशियमची ३० आणि नाइलाजानं १००. नायट्रेटची मात्र ४५ हीच मर्यादा. तिथं सवलत नाही.

मग एकाच घरात सगळ्यांना त्रास का होत नाही? याचं उत्तर सवयीत आहे. चिखलीकडची एक मुलगी लग्न होऊन संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात आली. पहिल्याच महिन्यात तिचं पोट बिघडलं. सासू म्हणाली, ‘आमी जलमभर हेच पानी पेलो, आमाले तं काही झालं नाही.’ सासूचं म्हणणं खोटं नव्हतं. सल्फेटचं पाणी नेहमी पिणाऱ्याच्या आतड्याला त्याची बरीच सवय होते. नव्या माणसाला, पाहुण्याला, लहान मुलाला ते लगेच लागतं. पण सुनेचा त्रासही खोटा नव्हता. तिनं त्यावर जो उपाय काढला तो धोक्याचा होता. तिनं पाणी पिणंच कमी केलं. सकाळी चहा, दुपारी अर्धा पेला, रात्री अर्धा पेला. त्यात मे महिना आणि शेतातलं काम. माझ्याकडे आली तेव्हा लघवीला जळजळ होती आणि कमरेतून कळा येत होत्या. तपासणीत मुतखडा निघाला.

श्रोतेहो, पाणी बाधण्यापेक्षा पाणी सोडणं अधिक महागात पडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. अशा वेळी पाणी कमी प्यायलं तर मुतखडा, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, उष्माघात आणि मूत्रपिंडावर ताण, हे सगळं ओघानं येतं. त्यातच अंग दुखतं म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन खाण्याची सवय असेल तर मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची भीती मोठी आहे. ती बाळगताना मधुमेह, रक्तदाब आणि या गोळ्या यांच्याकडेही लक्ष हवं.

त्या मुलीसाठी आम्ही एक साधा प्रयोग केला. वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागातल्या गावांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आहे. जवळच्या गावात त्या योजनेचं पाणी येत होतं. आठ दिवस तिनं फक्त तेच पाणी प्यायचं, बाकी खाणंपिणं नेहमीचं. चौथ्या दिवशी पोट शांत झालं. पुढं नवरा रोज सायकलवरून दोन कॅन आणू लागला. महिन्याभरानं सासूबाईही त्याच कॅनमधलं पाणी प्यायला लागल्या, असं तिनं मला हसत हसत सांगितलं.

हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो. आठ दिवस पाणी बदला, दुसरं काही बदलू नका. त्रास गेला तर दोष पाण्याचा. तसाच राहिला तर दोष पोटात किंवा पिण्याच्या पद्धतीत शोधायचा. उगीच पाण्यावर आळ घेऊ नये. २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि पहिला संशय पाण्यावरच आला. पुढं महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथल्या गव्हाकडे लक्ष वेधलं. त्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचं त्यांनी मांडलं. आपल्याकडे पाणी बदनाम आहे हे खरं. पण म्हणून प्रत्येक दुखण्याचा गुन्हेगार तेच नसतं.

आता पिण्याच्या पद्धतीबद्दल. सकाळी उठल्याबरोबर लिटर-दीड लिटर पाणी रिचवायचं, अशी एक टूम निघाली आहे. रिकामं पोट एकदम ताणलं गेलं की मळमळ होते, आम्ल घशाशी येतं. एक पेला कोमट पाणी पुरेसं आहे. उन्हातून आल्यावर बर्फाचं पाणी घटाघटा पिऊ नका. तांब्या उंच धरून वरून पाणी ओतण्याची आपली पद्धत स्वच्छ आहे. पण घाईनं प्यायलं तर पाण्याबरोबर हवाही पोटात जाते आणि पोट फुगतं. बसून, घोट घोट, दिवसभरात विभागून प्यावं. जेवताना दोन-चार घोट घ्यावेत, जेवणावर तांब्या रिकामा करू नये.

काहींना पाण्याचा घोट घेतल्यावर पोटाच्या वरच्या भागात आग होते. त्यांना बहुधा आम्लपित्त किंवा जठराचा व्रण असतो. व्रण म्हटला की पूर्वी तिखट आणि काळजी यांनाच दोष देत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरात राहणारा एक जिवाणू शोधला आणि बऱ्याच व्रणांचं मूळ तोच असल्याचं दिसून आलं. २००५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे हा त्रास औषधानं बरा होतो. वर्षानुवर्षं सोडा खात बसण्याची गरज नाही.

आणखी एक शक्यता म्हणजे पाण्यातले जंतू. अमिबा, जिआर्डिया यांच्यामुळे पोट फुगणं, चिकट शौच, कळा हे सगळं होतं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. उकळल्यानं जंतू मरतात, पण खारेपण जात नाही. उलट पाणी आटलं की क्षार दाट होतात. तुरटी फिरवल्यानं गढूळपणा खाली बसतो, क्षार नाही. ब्लीचिंग पावडर म्हणजे टीसीएल जंतूंवर काम करतं, क्षारांवर नाही. क्षार काढायचे तर आरओ यंत्र लागतं. पण त्याच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. म्हणून जार धुतलेला नसेल किंवा त्यात हात बुडवून पाणी काढत असाल, तर आरओचं पाणीही पोट बिघडवतं. जार विकत घेता तेव्हा तो आतून पाहून घ्या. घरी झाकण आणि वगराळं हवंच.

गावात बसून पाण्याची तपासणी करून घेता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठी आहेत. जलजीवन मिशनमधून गावोगावी महिलांना तपासणी संच वापरण्याचं शिक्षण दिलं गेलं. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्थितीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे, हे ग्रामसभेत विचारा. तो तुमचा हक्क आहे.

चांगलं पाणी लगेच मिळणार नसेल, तर काय करायचं? घरात जे थोडं गोडं पाणी येतं, ते फक्त पिण्यासाठी आणि डाळ-भातासाठी राखून ठेवा. भांडी-धुणी खाऱ्यावर करा. जिरं किंवा धने टाकून उकळून गार केलेलं पाणी अनेकांना सोसतं, चव सुधारल्यामुळे ते पिऊनही होतं. ताक, आंबील, कैरीचं पन्हं, लिंबाचं सरबत, वरणाचं पाणी, काकडी, कलिंगड यांतूनही शरीराला पाणी मिळतं. खाऱ्या पाण्याच्या ताकात वरून मीठ घालू नका, रक्तदाबाच्या रुग्णांनी तर मुळीच नाही. जुलाब झाले तर एक लिटर चांगल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून द्यावं. पाणीच खारं असेल तर तयार पुडी वापरावी, पण तीही गोड्या पाण्यातच कालवावी.

पाणी पुरेसं पोटात जातं की नाही, हे लघवीच्या रंगावरून ओळखा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी वाढवा. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलं मापच पाळावं.

शेवटी काही खुणा लक्षात ठेवा. डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, घोट गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, दुखण्यानं रात्री झोपमोड होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार. यातलं काहीही असेल तर पाणी बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि छातीच्या मधोमध दडपण येऊन घाम फुटला, तर ‘गॅस झाला’ म्हणून पाणी पिऊन झोपू नका. ते दुखणं हृदयाचं असू शकतं. तिथं मिनिटांचा हिशेब असतो.

घरातलं कुणी, विशेषतः नवी आलेली सून, लहान मूल किंवा म्हातारं माणूस, पाणी लागतं म्हणालं तर त्याला हसू नका. आधी दिवसभरात किती पाणी प्यायलं ते विचारा. मग आठ दिवस पाणी बदलून पाहा. एवढं घरच्या घरी केलं तरी पुष्कळ दुखणी दवाखान्याच्या पायरीपर्यंत येणार नाहीत.